कुलर बंद कर आधी

कुलर बंद कर आधी, मी म्हटलं.
नवतपा चालू, बाहेर सेहेचाळीस,
पोट्ट्यानं असं पाहिलं
जसं मी त्याला श्वास बंद कर म्हटलं.
पण कुलरची हवा ओली असते, सुगत,
आणि तुझी गाडी आधीच
नाग नदी पिऊन आलेली.

"पुलावरून उडाली. रेंजच गेली ना मावशी,
मंग थांबलीच नाही."
काढली कोणी?
"मीच. चड्डीवर."
वास येतच होता, दोघांचाही.

पहिलं काम, बॅटरी काढणं.
लोक ते सोडून बटण दाबून बघतात
जिवंत आहे का म्हणून,
आणि तेवढ्यानंच मारतात.

चार स्क्रू निघाले. पाचवा गंजलेला,
त्याला एक थेंब तेल, एक शिवी.
आत काळा गाळ, शेवाळाचा धागा,
कुणाच्या तरी निर्माल्यातला
तांदळाचा अख्खा दाणा.
रिसीव्हरच्या पाटीवर पांढरी साय,
बॅटरीच्या तोंडाशी हिरवं कीट.
हिरव्याला व्हिनेगर, लगेच त्यावर स्पिरिट,
मग जुना टूथब्रश,
उवा काढतात तसा, एकाच दिशेनं,
पायांच्या मधून मधून.

एकतीस वर्षं मी एक्सचेंजमध्ये रिले पुसले.
अर्धी सीताबर्डी माझ्या चिमट्यातून बोलली,
लग्नं जुळली, मयती कळल्या,
मला एक शब्द ऐकू आला नाही,
फक्त टक्. टक्.
मग सगळं बोलणं काचेच्या तारांत गेलं
आणि रिले भंगारात, किलोच्या भावानं.
पाव किलो माझ्याकडे आहेत.
कशाला, ते विचारू नये.

घामानं दोघंही भिजलो, गाडी मात्र सुकली.
बॅटरी लावली. दिवा लागला. मोटर गुरगुरली.
सुगत उडी मारणार, तेवढ्यात
पुढची चाकं कापायला लागली.
रिमोट टेबलावर होता, कुणी शिवलंही नव्हतं.
जागच्या जागी डावं उजवं, डावं उजवं,
ताप भरल्यासारखं.

"काहून कापून राह्यली?"

सर्व्होच्या पोटात एक पॉट असतो,
करंगळीच्या नखाएवढा.
चाक कुठे आहे ते तो सांगतो.
त्याच्या काळ्या रेघेवर घाण बसली
की त्यालाच कळेनासं होतं.
मग विचारत सुटतो,
सरळ का? नाही, थोडं डावं. आता सरळ का?
ते विचारणं म्हणजेच हे कापणं.

तो ऐकत नव्हता.
माझ्या हाताकडे बघत होता.
चिमट्याचं टोक टेबलावर टेकलेलं
आणि वाजत होतं.

दोन वर्षं झाली. उजवाच.
डाग द्यायचा असला की मनगटाखाली
जुन्या डिरेक्टऱ्या ठेवते,
श्वास धरते,
आणि दोन कापऱ्यांच्या मधल्या फटीत
सोल्डर टाकून मोकळी होते.

"तुमचाबी पॉट साफ करा ना मावशी."

हसले मी. हसून झालं,
तरी तो उत्तरासाठी थांबलेलाच.
म्हटलं, त्याचं स्पिरिट अजून निघालं नाही.
धर तू चिमटा.

बारा वर्षांचा हात, नखांत नाग नदी,
आणि दगडासारखा ठाम.
एकेक गिअर त्यानं काढला,
बाटलीच्या झाकणात मांडला.
मी नुसतं बोलत होते. उचल. हळू.
एक थेंब. फिरव.
अजून एक. फिरव.
वास घेऊ नको, चक्कर येईल.

सहाला सिमेंट रोडवर नेली,
रोड अजून पोळत होता.
चाकं गप्प.
पण सरळ सोडली की डाव्या अंगाला ओढे.
आण इकडे, म्हटलं,
ट्रिम दोन घरं उजवीकडे फिरवते.

"राहू द्या," तो गाडीमागे पळता पळता म्हणाला,
"आमच्या मैदानात सगळे वळणं डावेच आहेत."

घरात आले तर कुलर बंदच.
दिवसभर आम्हा दोघांनाही
त्याची आठवण झाली नव्हती.